यजमान घरी आहे का?

दाराच्या मुठीच्या वर रुपयाएवढा गोल पांढरा डाग आहे. तिथं पूर्वी कुलूप होतं. पाहुण्याला किल्ली द्यायची, बाहेर जाताना त्यानं खोली बंद करून जायचं, म्हणजे त्याला सामानाचा घोर नाही आणि आपल्यालाही नाही. दाजींनी ते कुलूप स्वतःच्या हातानं काढलं, भोकात पुट्टी भरली, वरून रंगाचा हात दिला. नवा रंग जुन्याशी जुळला नाही, म्हणून डाग राहिला.

‘राहू दे तसाच,’ ताई म्हणाली. ‘तपासायला कुणी आलं तर कुलूप काढलंय ते दिसेल तरी.’

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात, एल्महर्स्टमध्ये ताईचं घर आहे. ताई माझी मावसबहीण, मूळची सांगलीची. लग्न होऊन इकडे आली त्याला पंचवीस वर्षं झाली. विटांचं दुमजली घर, शेजारच्या घराला चिकटून उभं. वरच्या मजल्यावर ती आणि दाजी राहतात. मुलगी नोकरीसाठी सिअ‍ॅटलला गेली, तिची खोली रिकामी पडली. ती खोली ताई चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्यांना भाड्यानं देते, रीतसर नोंदणी करून. हॉलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलंय. ‘ओएसई-एसटीआरआरईजी’ अशी अक्षरं आणि पुढे आकडे. त्याखाली दाजींनी काढलेला घराचा नकाशा: खोली, बोळ, जिना, मागचं दार, आणि आग लागली तर बाहेर कुठून पडायचं ते दाखवणारे लाल बाण.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पाहुणे’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला ही भिंत आठवली. मे महिन्यात न्यूयॉर्कला जाणं होतंच. तीन आठवडे तिथं राहून मी पाहुणे ठेवणाऱ्यांशी बोलले, शेजाऱ्यांशी बोलले, पाहुण्यांशीही बोलले. पाहुण्याला घरात घेण्याआधी सरकारदरबारी नाव नोंदवायचं, ही गोष्ट आपल्याला आधी खटकते. मलाही खटकली होती.

नावाचा मेळ

२०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहरात ‘लोकल लॉ १८’ नावाचा कायदा झाला. २०२३ च्या मार्चपासून अर्ज घेतले जाऊ लागले आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून कायदा खऱ्या अर्थानं लागू झाला. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी पैसे घेऊन कुणालाही घरात ठेवायचं तर शहराच्या ‘ऑफिस ऑफ स्पेशल एन्फोर्समेंट’ (ओएसई) या कार्यालयात नोंदणी हवी. अर्जाचे १४५ डॉलर, ते परत मिळत नाहीत. नोंदणी मिळाली की चार वर्षं चालते.

पैशांपेक्षा अटी महत्त्वाच्या. घर तुमचं कायमचं राहतं हवं. पाहुणा असेल त्या काळात तुम्हीही त्याच घरात राहायला हवं. पैसे देणारे पाहुणे एका वेळी दोनच. आणि सगळ्यांनी एका कुटुंबासारखं राहायचं, म्हणजे घराच्या सर्व भागांत पाहुण्याला वावर हवा, त्याला किल्ली देऊन एखादी खोली त्याच्यापुरती बंद ठेवता येत नाही. दाजींचं कुलूप गेलं ते यासाठी. शिवाय आलेल्या-गेलेल्यांची नोंद सात वर्षं जपून ठेवायची. ताईनं त्यासाठी लांबट हिशेबाची वही केलीय. तारीख, नाव, किती रात्री, किती पैसे. शेवटच्या रकान्यात ती स्वतःसाठी लिहिते: ‘चहा बिनसाखरेचा’, ‘रात्री उशिरा आले’, ‘पुन्हा येतील’.

तिचा अर्ज पहिल्यांदा परत आला. कारण ऐकून मी हसणार होते, पण ती मुळीच हसत नव्हती. घराच्या खरेदीखतावर तिचं नाव आणि आडनाव एवढंच आहे. वाहन परवान्यावर आपल्या रिवाजानं मध्ये दाजींचं नाव. बुकिंगच्या अ‍ॅपवर तिनं माहेरचं लाडकं नाव टाकलेलं, कारण पाहुण्यांना ते उच्चारायला सोपं. तीन कागदांवर तीन बायका. भरीला क्वीन्समधले घरक्रमांक. इथं बहुतेक घरांच्या क्रमांकात मध्ये आडवी रेघ असते. रेघेच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा, नंतरचा घराचा. ताईनं एका ठिकाणी रेघ दिली होती, दुसऱ्या ठिकाणी दोन्ही आकडे जोडून लिहिले होते.

‘चूक आमचीच होती,’ दाजी म्हणाले. ‘पण पंचवीस वर्षं ती एकच बाई आहे हे मला ठाऊक, कंप्युटरला कसं ठाऊक असणार?’

दोन संध्याकाळी बसून त्यांनी सगळीकडे एकच नाव केलं आणि अर्ज पुन्हा पाठवला. त्या दिवसांत असे परत आलेले अर्ज ढिगानं होते. कायदा लागू होण्याच्या सुमारास शहराकडे ३,८२९ अर्ज आले होते. त्यातले ८९६ तपासून झालेले: २९० मंजूर, थोडे नामंजूर, उरलेले दुरुस्तीसाठी परत. तपासलेल्या दर पाच अर्जांमधले जवळपास तीन परत गेले.

एवढी कडक तपासणी कशाला, याचं उत्तर मला जुन्या खटल्यांत मिळालं. २०१९ साली शहरानं एका मालमत्ता कंपनीवर दावा लावला. तिनं शंभराहून जास्त वेगवेगळ्या नावांची होस्ट खाती उघडून सदनिकांमागून सदनिका पर्यटकांना दिल्या, असा शहराचा आरोप होता. अ‍ॅपवर पाहणाऱ्याला त्या खात्यांमागे शंभर गृहिणी दिसत होत्या. नाव, पत्ता आणि राहतं घर यांचा मेळ घालायला लावला की असल्या बनावट गृहिणी गळून पडतात. ताईसारख्या खऱ्या गृहिणीचे त्यात दोन-तीन आठवडे जातात. हा तोटा मला मान्य करण्यासारखा वाटतो.

दारावरची थाप बंद झाली

न्यूयॉर्कमधला तीस दिवसांचा हा नियम २०२३ चा नाही, हे तिथल्याही अनेकांना माहीत नसतं. तीन किंवा अधिक बिऱ्हाडांच्या इमारतीत तीस दिवसांहून कमी मुदतीनं पूर्ण सदनिका भाड्यानं देणं राज्यानं २०१० मध्येच बेकायदा ठरवलं होतं. २०१६ मध्ये अशा सदनिकांची नुसती जाहिरात केली तरी दंड, असा कायदा आला. पहिल्या वेळी एक हजार डॉलर, दुसऱ्या वेळी पाच हजार, पुढे साडेसात हजारांपर्यंत. एवढं असूनही धंदा वाढत राहिला.

त्याचं कारण अंमलबजावणीच्या पद्धतीत होतं. कुणीतरी शेजारी वैतागून ३११ या क्रमांकावर तक्रार करायचा. मग शहराची माणसं यायची, बरोबर इमारत विभागाचा किंवा अग्निशामक दलाचा इन्स्पेक्टर. दार उघडायचा तो पाहुणा, घरमालक नव्हे. जर्मनीहून नाहीतर ब्राझीलहून आलेलं, पायात सपाता घातलेलं, काहीच ठाऊक नसलेलं माणूस. त्यालाच विचारायचं: कधी आलात, किती दिले, मालकाला भेटलात का? त्या उत्तरांवरून समन्स निघायचं. बाहेर पडायला दुसरा मार्ग नाही, आग लागली तर वाजणारी यंत्रणा नाही, घराच्या परवान्यात नसलेला वापर, अशी एकेक कलमं लागायची आणि प्रकरण ‘ओथ’ या शहराच्या प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे जायचं. समन्सवर तारीख असते. त्या तारखेला हजर राहिलं नाही तर एकतर्फी निकाल लागून दंड डोक्यावर बसतो. दार ठोठावून एक घर सापडेपर्यंत शंभर घरं नवी उघडायची.

लोकल लॉ १८ नं थाप दारावरून उचलली आणि पैशाच्या व्यवहारावर नेली. आता एअरबीएनबी किंवा तत्सम कंपनीला बुकिंगचे पैसे घेण्याआधी होस्टचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक शहराच्या संगणकाशी ताडून घ्यावा लागतो. मेळ बसला नाही तर त्या बुकिंगवर कंपनीला शुल्क घेता येत नाही. न तपासता घेतलं तर कंपनीला दर चुकीमागे १,५०० डॉलरपर्यंत दंड. नोंदणीशिवाय पाहुणा ठेवणाऱ्याला पाच हजार डॉलर किंवा त्या कमाईच्या तिप्पट, यांतली जी कमी असेल तितक्या रकमेपर्यंत दंड.

या पद्धतीचा दरारा कंपन्यांनाही कळला. एअरबीएनबीनं २०२३ च्या जूनमध्ये शहराविरुद्ध दावा लावला आणि ८ ऑगस्टला न्यायमूर्ती आर्लीन ब्लूथ यांनी तो फेटाळला. पुढच्या महिन्यात एकामागून एक जाहिराती उतरू लागल्या. काहींनी त्याच घराची मुदत तीस दिवसांवर नेली. ज्यांचं बुकिंग आधीच झालं होतं त्यांना थोडी सवलत मिळाली, पण १ डिसेंबर २०२३ नंतरची बेकायदा बुकिंगं रद्द झाली. ताईच्या ओळखीच्या एका बाईंनी नाताळासाठी घेतलेली तीन बुकिंगं अशी गेली. नोंदणीचा अर्ज भरायचा त्यांनी आळस केला होता.

मला यात एक गोष्ट मनापासून पटते. इन्स्पेक्टर दारात आला की गरीब, इंग्रजी न येणारा, कागदपत्रांना घाबरणारा माणूस आधी सापडतो आणि वकील ठेवणारा सुटतो. पैशाच्या नाक्यावर तपासणी केली की दोघांनाही एकच प्रश्न विचारला जातो.

भिंतीपलीकडचा माणूस

ताईच्या घरून निघून मी मॅनहॅटनला, हेल्स किचन भागात गेले. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीचा मुलगा तिथं एका जुन्या पाच मजली इमारतीत भाड्यानं राहतो. लिफ्ट नाही. टाइम्स स्क्वेअर चालत दहा मिनिटांवर, म्हणजे पर्यटकांसाठी सोन्यासारखी जागा.

‘मावशी, माझ्या शेजारी अडीच वर्षांत किती लोक राहिले असतील, सांगा,’ त्यानं विचारलं. मी गप्प. ‘मलाही नाही सांगता येणार. रोज नवे.’

त्याला बॅगांच्या चाकांचा आवाज आठवतो. रात्री दोन वाजता लाकडी जिन्यावरून एकेक पायरी ठकठक करत वर येणारा. इमारतीचं दार उघडता आलं नाही की लोक कुठलंही बटण दाबायचे, बऱ्याचदा त्याचंच. खाली लोखंडी कठड्याला सायकलच्या कुलपासारख्या काळ्या डब्या लटकायच्या. आकडे जुळवायचे, डबी उघडायची, आत किल्ली. किल्ली देणारा माणूस कुणी पाहिलेलाच नाही. एकदा वरच्या मजल्यावर पाणी गळून याच्या स्वयंपाकघराचं छत फुगलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करायची हेच कळेना. त्या घरात राहणारं असं कुणी नव्हतंच.

मी कठडा पाहिला. डब्या आता नाहीत. जिथं त्या घासायच्या तिथला काळा रंग उडून लोखंड उघडं पडलंय, एवढीच खूण. शेजारच्या सदनिकेत आता एक जोडपं राहतं आणि त्यांच्याकडे मांजर आहे. मांजराचं नाव त्यानं मला दोनदा सांगितलं. इतक्या दिवसांनी त्याला शेजार मिळाला होता.

या शहरात घर मिळणं किती अवघड आहे, हे आकड्यांत सांगायचं तर २०२३ च्या शहराच्या पाहणीत भाड्याच्या घरांपैकी रिकामी आणि मिळण्याजोगी घरं फक्त १.४१ टक्के निघाली. १९६८ नंतरचं हे सर्वांत कमी प्रमाण. राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१४ मध्येच एक अहवाल काढला होता. एअरबीएनबीवरच्या न्यूयॉर्कमधल्या यजमानांपैकी सहा टक्के मंडळी अनेक घरं चालवणारी धंदेवाईक होती आणि शहरातल्या एकूण कमाईपैकी ३७ टक्के त्यांच्या खिशात जात होती. घर म्हणून वापरता येईल अशी प्रत्येक जागा त्यांनी हॉटेलची खोली करून टाकली, तर राहणाऱ्यानं जायचं कुठं? म्हणून भाडं नियंत्रित असलेली घरं आणि शहराची सार्वजनिक घरं या कायद्यातून पूर्णपणे बाहेर ठेवली आहेत. तिथं नोंदणी मिळतच नाही. घरमालकालाही आपली इमारत मनाई असलेल्या यादीत घालता येते आणि हजारो इमारती त्या यादीत आहेत.

या कायद्यामुळे घरभाडी उतरली का, असं मला अनेकांनी विचारलं. उतरलेली मला दिसली नाहीत. एवढ्या मोठ्या शहराची घरटंचाई एका कायद्यानं हटत नाही. पण त्या जिन्यावर रात्री झोप लागते, आणि एका जोडप्याला घर मिळालं. एका इमारतीपुरतं हे मी डोळ्यांनी पाहिलं.

खालचा मजला

आता ताईच्या दुखण्याकडे यायला हवं. ते वरच्या खोलीचं नाही, खालच्या मजल्याचं आहे.

तिचं घर दोन बिऱ्हाडांचं. वर ते राहतात, खाली स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र दार असलेली सदनिका. क्वीन्स, ब्रुकलिन, ब्राँक्समध्ये अशी घरं रस्तोरस्ती आहेत. बाहेरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेली. घराचे हप्ते एका पगारात भागत नाहीत, म्हणून खालचं भाडं लागतंच. २०२३ पर्यंत ताई खालची सदनिका पर्यटकांना द्यायची. नवीन कायद्याप्रमाणे यजमानानं त्याच बिऱ्हाडात राहायला हवं. एकाच छपराखाली पण वरच्या मजल्यावर राहून चालत नाही. जिन्याच्या चौदा पायऱ्यांनी ताई कायद्याच्या दृष्टीनं ‘घरी नाही’ ठरली.

‘पाहुण्याच्या डोक्यावर माझी पावलं वाजतात,’ ती म्हणाली. ‘त्यांनी रात्री टीव्ही मोठा केला तर मी खाली जाऊन सांगते. अजून किती घरी असायला हवं?’

खाली कोण यायचं तेही तिनं सांगितलं. मे महिन्यात पदवीदान समारंभ असतात. ब्रुकलिनच्या टँडन अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांचे आईवडील येतात, नाशिकहून, कोल्हापूरहून, नागपूरहून. पाच-सहा जण, सोबत आजीही. त्यांना स्वयंपाकघर हवं असतं, कारण आजीला बाहेरचं चालत नाही. ताई डबाभर भाकरीचं पीठ ठेवायची. आता ती मंडळी दोन-दोन हॉटेलच्या खोल्या घेतात किंवा नदीपलीकडे जातात.

मग मी विचारलं, आता खाली कोण राहतं? खाली एक नर्स राहते. जवळच्या रुग्णालयात नोकरी, वर्षाचा करार, भाडं वेळेवर. रात्रपाळी करून सकाळी आठला येते. मी राहिले तितक्या दिवसांत दोनदा जिन्यात भेटली. कायदा करणाऱ्यांनी जे मनात धरलं होतं, तेच ताईच्या घरात घडलंय: कामाच्या जवळ राहता यावं अशा माणसाला घर मिळालं. ताईलाही हे कळतं, आणि ती नर्सविषयी कधी वाकडा शब्द काढत नाही.

मग तिचं गेलं काय? भाडं तर येतंय. हे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘सासूबाई.’

सासूबाई आणि सासरे दर दोन वर्षांनी येतात, व्हिसावर मिळतात तेवढे सहा महिने राहतात. खालची सदनिका तेव्हा त्यांची व्हायची. सासरे गुडघ्यानं अधू, जिना चढवत नाही. स्वतःचं स्वयंपाकघर म्हणून सासूबाई खूश. बुकिंगच्या यादीत सहा महिने बंद करून टाकले की झालं. वर्षाचा भाडेकरू ठेवला की हे करता येत नाही. मागच्या खेपेस दोघं हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपले आणि सासरे तीन महिन्यांत परत गेले. ताईला पैशापेक्षा ही लवचीकता हवी होती: घर कधी लोकांचं, कधी आपलं. आपल्याकडच्या अनेक कुटुंबांना हवी असते. कायद्याला मात्र या गरजेसाठी शब्दच सापडलेला नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नगर परिषदेत एक विधेयक आलं. एक आणि दोन बिऱ्हाडांच्या घरांच्या मालकांना सूट द्यावी, पाहुणे चारपर्यंत चालावेत, मालक त्या वेळी घरी नसला तरी चालावं, असा त्याचा रोख. घरमालकांच्या संघटनेनं पाठिंबा दिला, हॉटेल कामगारांची संघटना आणि भाडेकरूंच्या बाजूनं लढणारे विरोधात उभे राहिले. मालक घरी नसला तरी चालेल, हा भाग मला धोक्याचा वाटतो. ते दार उघडलं की काळ्या डब्या पुन्हा कठड्यावर येतील. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकाला ‘घरी आहे’ असं मानायला काय हरकत आहे? एवढा एक बदल झाला तर ताईसारख्यांचा प्रश्न सुटेल आणि शंभर खात्यांवाल्याला त्याचा उपयोग होणार नाही, कारण शंभर घरांच्या वरच्या मजल्यावर एक माणूस राहू शकत नाही.

तिसावा दिवस

मग तीस दिवसांच्या वरचे पाहुणे का ठेवत नाहीस, असं मी ताईला विचारलं. प्रोजेक्टवर आलेले आयटीवाले, काही आठवड्यांच्या कामावर आलेले नर्स, डॉक्टर, अशांना महिना-दोन महिने जागा हवीच असते, आणि त्याला नोंदणी लागत नाही. अनेक यजमान त्याच वाटेनं गेले.

दाजींनी मान हलवली. न्यूयॉर्कमध्ये कुणी सलग तीस दिवस राहिलं की त्याला राहण्याचा हक्क लागू होतो. मुदत संपली म्हणून कुलूप बदलता येत नाही, सामान बाहेर काढता येत नाही. न्यायालयात जाऊनच घर सोडवून घ्यावं लागतं, आणि त्याला महिने जातात. एकोणतिसाव्या दिवसापर्यंत नोंदणीचा कायदा, तिसाव्या दिवसापासून भाडेकरूचा. ही रेषा भाडेकरूंच्या रक्षणासाठी आहे आणि तिच्यामुळे असंख्य गरीब कुटुंबं रात्रीतून रस्त्यावर येण्यापासून वाचली आहेत. पण मुलीच्या खोलीत अनोळखी माणूस ठेवणारी बाई त्या रेषेला घाबरते, हेही खरं. म्हणून ताईच्या वहीत एकही मुक्काम नऊ रात्रींच्या वर नाही.

काहीजण तिसरी वाट धरतात, तीही मी पाहिली. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये निरोप फिरतात: ‘दोन आठवडे रूम आहे, आपली माणसं, कॅश.’ अ‍ॅप नाही म्हणून कायदा नाही, अशी त्यांची समजूत. ती साफ चुकीची आहे. पैसे घेऊन तीस दिवसांच्या आत कुणालाही ठेवलं की नोंदणी लागते, मग ओळख अ‍ॅपवर झालेली असो नाहीतर गणेशोत्सवाच्या मांडवात. तुमचा भाचा फुकट येऊन राहिला तर त्याचा कायद्याशी संबंध नाही. त्याच्याकडून रात्रीचे साठ डॉलर घेतले तर आहे. अशा व्यवहारात पाहुण्याचेही हाल होतात: पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही, आणि त्या तळघराला दुसरं दार आहे की नाही हे कुणी पाहिलेलं नसतं. न्यूयॉर्कमध्ये तळघरांत पाणी शिरून आणि आगीत माणसं गेलेली आहेत. दाजींच्या नकाशावरचे लाल बाण मला म्हणून फार मोलाचे वाटले.

नदीपलीकडे

शेवटच्या आठवड्यात मी जर्सी सिटीला गेले. हडसन नदीच्या पलीकडचा काठ, राज्य वेगळं, कायदा वेगळा. जर्नल स्क्वेअरला पाथ रेल्वेच्या गाडीतून उतरलं की नेवार्क अ‍ॅव्हेन्यूवर मिठाईची, साड्यांची, किराण्याची दुकानं. इथं साताऱ्याचं एक जोडपं भेटलं. मुलीचा समारंभ मॅनहॅटनला, मुक्काम इकडे, रोज नदीखालून ये-जा.

जर्सी सिटीलाही मोकळं रान नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून निर्बंध मंजूर केले, सुमारे सत्तर टक्के मतांनी. मालक घरात राहत नसेल तर वर्षात साठच रात्री; भाडेकरूनं घर पुढे पाहुण्यांना द्यायचं नाही; परवाना हवाच. पण खालचा मजला, वरचा मालक, असली घरं तिथं चालतात. त्या साताऱ्याच्या जोडप्याचा मालक वरच राहत होता. पहिल्या रात्री गरम पाणी येईना, तर त्यानं पाच मिनिटांत खाली येऊन बॉयलर सुरू करून दिला. ताईच्या घरात हेच झालं असतं, बेकायदा.

परत येताना गोव्याचा विचार मनात होता. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पाहुण्यांना खोली देणाऱ्यानं पर्यटन खात्याकडे नाव नोंदवायचं. महाराष्ट्रात ‘न्याहारी व निवास’ योजना आहे, आणि कोकणातल्या कितीतरी घरांनी ती मनापासून चालवलीय. गोव्यातल्या आसगाव, शिवोलीकडे गावातली घरं भराभर बंगले होत असताना आपणही हाच प्रश्न विचारायला हवा: यजमान घरी आहे का? आणि तो प्रश्न गावातल्या एखाद्या काकूच्या दारावर थाप मारून विचारू नये. पैसे जिथं वळते होतात त्या ठिकाणी विचारावा, सगळ्यांना सारखा.

पुढच्या मे महिन्यात मुलामुलीच्या समारंभाला न्यूयॉर्कला निघणार असाल तर एवढं कराच. पैसे भरण्याआधी यजमानाचा नोंदणी क्रमांक मागा. तो ‘ओएसई’पासून सुरू होतो. तिघं-चौघं असाल तर नोंदणीच्या एका घरात तुम्हाला जागा मिळणार नाही. हॉटेल पाहा किंवा नदीपलीकडे राहा. दोघंच असाल तर एल्महर्स्टसारख्या भागात एखादी खोली मिळेल. तिच्या दाराला बाहेरून कुलूप नसेल, तेव्हा दागिने घरीच ठेवून निघा.